पाण्यांतून वर येणारें देऊळ

सहल म्हटली कीं आपल्या घरांतून महाबळेश्वर, नाहीं तर कोंकणचा किनारा, यांचींच नांवें निघतात. परंतु पुण्याहून सुमारें पन्नास किलोमीटरांवर, भोरजवळ भाटघरचा जलाशय आहे. आणि तेथील एक स्थळ असें आहे कीं तें पाहावयाचें तर मुहूर्तापेक्षां पाण्याची पातळी पाहून निघावें लागतें.

तें स्थळ म्हणजे कांबरे येथील कांबरेश्वराचें देऊळ. वेळवंडी नदीच्या पात्रांतलें हें शिवालय वर्षाचे बहुतेक महिने पाण्याखालीं असतें. उन्हाळ्यांत पाणी ओसरूं लागलें म्हणजे तें बेटासारखें हळूहळू वर येतें, आणि मे महिन्याच्या सुमारास गाळ तुडवीत तेथवर जातां येतें. पावसाळा लागला कीं पुन्हां पाण्याखालीं. लोक त्यास पांडवकालीन म्हणतात; तो श्रद्धेचा भाग झाला. पण दरसाल बुडूनहि हें दगडी बांधकाम उभें राहिलें आहे, हें डोळ्यांनीं पाहण्याजोगें आहे.

येथें एकोणिसाव्या शतकांतच इंग्रज सरकारनें नीरेच्या कालव्यासाठीं धरण बांधलें होतें. त्याच्याऐवजीं मोठें धरण १९२७ सालीं पुरें झालें. त्यास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचें नांव दिलें. त्यांत सुमारें साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावतें. जलाशयास आज शिवरायांचे शूर सहकारी येसाजी कंक यांचें नांव आहे. त्यांचें भुतोंडें गांव याच खोऱ्यांतलें. धरणाचें पाणी नीरेंतून उतरून डाव्या-उजव्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांतला ऊंस पोशितें. खालचा मुलूख हिरवा झाला. वेळवंड खोऱ्यांतली नदीकांठची जमीन मात्र बुडाली. आपल्या चहांतल्या साखरेचा कांहीं भाग या जमिनीच्या मोलानें आलेला आहे. म्हणून कांबरेश्वरास जावयाचें तें मौजेची जागा समजून नव्हे. ज्यांचें तें दैवत, त्यांच्या दारीं पाहुणे म्हणून जावें.

भोरास पंतसचिवांचा १८६९ सालचा वाडा आहे. हें संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं विलीन झालें. जवळच आंबवडें येथें नागेश्वराचें देऊळ, झुलता पूल व शंकराजी नारायण सचिवांची समाधि आहे. १७०७ सालीं शाहू महाराज परत आले, तेव्हां ताराबाईंस दिलेली शपथ आणि शाहूंचा हक्क यांच्या कात्रींत सांपडून त्यांनीं प्राणत्याग केला, असें सांगतात. मुलांस ही गोष्ट त्या जागींच सांगावी.

आतां मुक्कामाविषयीं. भोरांत उतरण्यास साधीं ठिकाणें मिळतात. अलीकडे जलाशयाच्या कांठीं शेतघरें व तंबूहि झाले आहेत. वडील माणसें व लहान मुलें बरोबर असतील तर आम्ही भोरचाच मुक्काम सुचवूं. दवाखाना, औषधें, जेवण हाताशीं असतें. तंबूची रात्र तरुणांस मोहक वाटेल. परंतु पैसे भरण्यापूर्वीं पाण्यापासून अंतर किती, रात्रीं दिवा व राखणदार आहे काय, आणि स्त्रियांची सोय नीट आहे काय, हें विचारून घ्यावें.

एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. देऊळ उघडें पडतें तो मे महिनाच मुलांच्या सुट्टीचा, आणि उन्हानें तापलेल्या माणसास पाण्याचा मोह पडण्याचाहि. कांठ उथळ दिसतो, पण दोन पावलांवर खोली केव्हां येईल याचा नेम नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत नऱ्हे गांवाजवळ पांच स्त्रिया याच जलाशयांत बुडाल्या. हात धरून एकमेकींस सांवरूं म्हणणें तेथें कामास येत नाहीं. तेव्हां दर्शन घ्यावें, गांवकऱ्यांस वाट विचारावी, आणि पाण्यांत पाय घालण्याची हौस घरच्या विहिरीपाशींच पुरवावी. कर्त्या माणसानें हा नियम निघण्यापूर्वींच सर्वांस सांगून ठेवावा. कांठावर पोंचल्यावर तो कोणी ऐकत नाहीं.