हार्बर: विजेवर धावलेला पहिला मार्ग

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा हार्बर मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघतो, गोदीच्या कडेकडेने वडाळ्याला पोहोचतो आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा कुर्ला, मानखुर्द, वाशी करत 49 किलोमीटरवरच्या पनवेलला जातो. दुसरा किंग्ज सर्कल, माहीमकडून पश्चिम रेल्वेच्या हद्दीत शिरून वांद्रे, अंधेरी आणि गोरेगाव गाठतो. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर धीम्या आणि जलद गाड्यांसाठी वेगवेगळे रूळ आहेत. हार्बरला जायला एक आणि यायला एक, एवढेच. त्यामुळे इथे जलद लोकल नाही. पनवेलची गाडी वाटेतले प्रत्येक स्थानक घेत, जवळपास सव्वा तास ते दीड तास लावून पोहोचते. या मार्गाचे बहुतेक सगळे प्रश्न या एका जोडीपाशी येऊन थांबतात.

मुख्य मार्ग 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे असा सुरू झाला. हार्बरची सुरुवात त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, आणि प्रवाशांपेक्षा बंदराच्या गरजेतून झाली. पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक अशा गोद्या उभ्या राहिल्या होत्या, तिथला माल आणि कामगार हलवायचे होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 12 डिसेंबर 1910 रोजी कुर्ला ते रे रोड हा मार्ग खुला केला. पुढे कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीच्या बाजूला आला. कॉटन ग्रीन हे स्थानकाचे नाव त्याची खूण आहे. चेंबूरचा फाटा तर मुळात शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी टाकलेला होता. तिथे प्रवासी गाड्या 1924 मध्ये सुरू झाल्या.

रे रोडपासून व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा तुकडा मात्र अवघड होता. मधली वस्ती दाट, आणि खाली मुख्य मार्गाचे रूळ आधीच पसरलेले. त्यामुळे रूळ उंचावरून न्यावे लागले. आजही सँडहर्स्ट रोडला हे स्पष्ट दिसते: खालच्या फलाटांवर मुख्य मार्गाच्या गाड्या, आणि जिना चढून गेले की वर हार्बरचे फलाट. मशीद बंदर सोडल्यावर गाडी चढाला लागते आणि डॉकयार्ड रोडच्या आसपास वळणे घेत, इमारतींच्या खिडक्यांलगत पुढे सरकते.

अशा चढाच्या आणि दर एक-दीड किलोमीटरला थांबणाऱ्या मार्गावर वाफेचे इंजिन फारसे उपयोगाचे नसते. ते वेग हळूहळू घेते, पाणी-कोळशासाठी अडते, आणि शेवटच्या स्थानकावर ते सोडवून दुसऱ्या टोकाला जोडण्यात वेळ जातो. विजेची लोकल या तिन्ही अडचणींतून सुटते. तिला वेगळे इंजिन नसते. मोटारी डब्यांच्या खालीच बसवलेल्या असतात. साधारण दर तीन डब्यांतला एक मोटर कोच, आणि त्याच्या छतावर तारेला टेकणारा पेंटाग्राफ. अनेक चाकांना एकाच वेळी जोर मिळाल्याने गाडी चटकन वेग पकडते. दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्याने परतताना गाडी वळवावी लागत नाही.

भारतातली पहिली विजेवरची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी याच हार्बर मार्गावर धावली. चार डब्यांच्या त्या गाडीला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी हिरवा कंदील दाखवला. देशातल्या विद्युतीकरणाचा आरंभ मुख्य मार्गावर नव्हे, तर गोदीकडच्या या दुय्यम मार्गावर झाला. हार्बरचा हा मान रोजच्या गर्दीत विसरला जातो, तो विसरला जाऊ नये.

त्या वेळी तारेतून 1500 व्होल्टचा एकदिश म्हणजे डीसी प्रवाह सोडला जात असे. एकदिश प्रवाहावरची मोटार सुटतानाच भरपूर जोर लावते आणि तिचा वेग विद्युतरोधांच्या साहाय्याने आवरता येतो. त्या काळाच्या तंत्राला हे झेपणारे होते. दोष व्होल्टेजमध्ये होता. समजा, एका गाडीला वेग घेताना 3 मेगावॉट शक्ती लागते. 1500 व्होल्टला त्यासाठी 2000 अँपिअर प्रवाह ओढावा लागतो. 25,000 व्होल्टला फक्त 120. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तार तीच राहिली, तर कमी व्होल्टेजवरची हानी जवळपास पावणेतीनशे पट होते. ती आवरण्यासाठी जाड तारा घालायच्या आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र उभारायचे, एवढाच उपाय होता. डबे आणि फेऱ्या वाढत गेल्या तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली.

भारतीय रेल्वेने 1957 मध्येच 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती म्हणजे एसी पद्धत स्वीकारली होती. मुंबईत मात्र दिवसाला लाखो माणसे वाहणारी व्यवस्था बंद करून नवी बसवणे शक्य नव्हते. त्यासाठी दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. दुसरी अडचण पुलांची होती. जास्त व्होल्टेजची तार पुलाच्या फार जवळ आली तर मधल्या हवेतून ठिणगी उडू शकते, म्हणून अंतर जास्त ठेवावे लागते. टर्मिनस आणि मशीद बंदर यांच्यामधल्या कर्नाक पुलासारखे जुने पूल कमी व्होल्टेजच्या हिशेबाने ठेंगणे होते. पश्चिम रेल्वेवरचा बदल 2012 मध्ये आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा 2015 मध्ये पुरा झाला, पण हार्बर मागे राहिला. एप्रिल 2016 मध्ये टर्मिनस ते कुर्ला या टप्प्यातला 1500 व्होल्टचा प्रवाह कायमचा बंद झाला. ज्या टप्प्यावर ही पद्धत देशात आली, त्याच टप्प्यावर ती संपली.

नव्या गाड्यांत एकदिश मोटारींची जागा तीन फेजच्या मोटारींनी घेतली. ब्रेक लावताना याच मोटारी जनित्रासारख्या फिरतात आणि वीज तारेत परत पाठवतात. डीसी उपकेंद्रातले रेक्टिफायर वीज एकाच दिशेने जाऊ देतात, त्यामुळे परत आलेली वीज जवळपास दुसरी गाडी असेल तरच कामी यायची. एसी पद्धतीत ती ग्रिडपर्यंत जाऊ शकते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलसाठी ही बचत मोठी आहे.

दरम्यान मार्ग खाडी ओलांडून गेला होता. नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, पण रेल्वे यायला दोन दशके गेली. ठाणे खाडीवरच्या पुलावरून मानखुर्द ते वाशी लोकल 1992 च्या मे महिन्यात सुरू झाली, पुढच्या वर्षी ती बेलापूरला पोहोचली, आणि 1998 मध्ये पनवेलला. नव्या मार्गांच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला. रेल्वे आली की जमिनीचा भाव वाढतो, आणि त्या वाढीतूनच रेल्वेचा खर्च काढायचा, असा हा हिशेब होता. वाशी, बेलापूर इथली ऐसपैस स्थानके आणि त्यांवरच्या कार्यालयांच्या इमारती त्यातूनच आल्या. नोव्हेंबर 2004 मध्ये ठाणे ते वाशी ही ट्रान्सहार्बर सेवा सुरू झाली. नेरूळ-बेलापूरहून उरणकडे जाणारा मार्ग 2018 मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत पोहोचला.

गर्दीचा ताण मात्र जुन्या टप्प्यावरच पडतो. ऐन गर्दीत डब्यात उभ्या प्रवाशांची संख्या दर चौरस मीटरला 14 ते 16 पर्यंत जाते. एवढ्या जागेत इतकी माणसे म्हणजे हात हलवायलाही वाव नाही. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या केल्या की जागा एक तृतीयांशाने वाढते. हे काम हार्बरवर एप्रिल 2016 च्या अखेरीस सुरू झाले. त्याआधी फलाट लांबवावे लागले, आणि सर्वांत कठीण काम टर्मिनसमध्ये होते, कारण तिथे हार्बरसाठी एक आणि दोन क्रमांकाचे असे दोनच फलाट आहेत.

पावसाळ्यात चुनाभट्टी, कुर्ला, गुरू तेग बहादूर नगर या सखल पट्ट्यात पाणी साचते. दोन रुळांमधून बारीक विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिच्या चाकांमुळे तो मधेच जोडला जातो आणि मागचा सिग्नल लाल होतो. रुळांवर पाणी चढले की तेही असाच प्रवाह जोडू शकते. गाडी नसतानाही यंत्रणेला तिथे गाडी दिसते आणि सिग्नल लालच राहतो. फलाटावर खोळंबलेल्या माणसाचा संताप रास्त आहे, पण बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, याच तत्त्वावर ही रचना उभी आहे आणि तेच योग्य आहे. आता अनेक ठिकाणी त्याऐवजी चाकांचे आस मोजणारी यंत्रे वापरली जातात.

फेऱ्या आणखी वाढवायच्या तर वडाळ्याचा फाटा आडवा येतो. टर्मिनस ते वडाळा या टप्प्यावर पनवेल आणि गोरेगाव या दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच जोडीवरून जातात, त्यामुळे गोरेगावला दिलेली प्रत्येक वेळ पनवेलच्या वाट्यातून कमी होते. गाड्यांमधले अंतर रेडिओ संपर्कातून सतत मोजणारी नवी सिग्नल यंत्रणा या मार्गासाठी प्रस्तावित आहे. तिने दोन गाड्यांमधला वेळ कमी करता येईल. टर्मिनस ते पनवेल या जलद उन्नत मार्गाची योजना मात्र कागदावरून पुढे सरकलेली नाही. सिग्नल सुधारून काही जादा फेऱ्या निघतील, परंतु रुळांची दुसरी जोडी पडल्याशिवाय पनवेलच्या प्रवाशाला जलद लोकल मिळणार नाही.