मास्तरांची खाडाखोड

आपल्याकडे शिक्षणमंत्री कोण होणार, हे मुख्यमंत्री ठरवतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शालेय शिक्षणाचा प्रमुख लोक थेट निवडून देतात, तेही पक्षाच्या नावाविना. पद १८४८च्या राज्यघटनेतलं, पण निवडणूक एप्रिलमध्ये होते आणि बहुतेक मतदार तिकडे फिरकतही नाहीत. टोनी एव्हर्स यांचं राजकारण अशा आडबाजूच्या पदावर घडलं.

१९५१चा जन्म, गाव प्लिमथ, वडील क्षयरोग्यांचे डॉक्टर. एव्हर्स शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले. १९९३मध्ये या पदासाठी उभे राहिले आणि पडले. २००१मध्ये पुन्हा पडले, पण विजयी झालेल्या एलिझाबेथ बर्मास्टर यांनी त्यांनाच उपप्रमुख नेमलं. शेवटी २००९मध्ये निवडून आले ते सलग तीनदा; २०१७मध्ये तर सुमारे ७० टक्के मतं घेऊन.

मधल्या काळात गव्हर्नर होते रिपब्लिकन स्कॉट वॉकर. २०११मध्ये त्यांनी शिक्षक संघटनांचा वाटाघाटींचा हक्क जवळपास मोडीत काढला. वॉकर यांना परत बोलावण्याच्या अर्जावर एव्हर्स यांनी सही केली. मात्र वॉकर यांचा २०१७चा अर्थसंकल्प मुलांच्या हिताचा आहे, असंही हेच एव्हर्स बोलून गेले. पुढच्या वर्षी दोघे गव्हर्नरपदासाठी समोरासमोर आले तेव्हा वॉकर यांनी ते वाक्य पुरेपूर वापरलं. तरीही एव्हर्स जिंकले, जेमतेम तीस हजारांहून कमी मतांच्या फरकाने.

गव्हर्नर झाल्यावरही त्यांचं डोकं शाळेच्या हिशेबातच राहिलं. २०२३चा अर्थसंकल्प विरोधी रिपब्लिकनांचं बहुमत असलेल्या विधिमंडळातून आला. त्यात शाळांना दर विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलर जास्त उभे करायची मुभा होती, २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी दोनच वर्षं. तिथल्या गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकातला काही भाग खोडता येतो. अक्षरं खोडून नवे शब्द बनवायला १९९०पासून बंदी आहे. आकड्यांबद्दल कोणी काही लिहून ठेवलं नव्हतं. एव्हर्स यांनी मधले शब्द, काही आकडे आणि एक आडवी रेघ खोडली. उरलं ‘२०२३-२४२५’. दोन वर्षांची वाढ चारशे वर्षांची झाली! प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ती खाडाखोड ग्राह्य धरली.

युक्ती बेरकी होती, यात शंका नाही. पण मुभा म्हणजे पैसे नव्हेत. सरकारी अनुदान वाढलं नाही, तर शाळा हा पैसा घरपट्टीतून काढतात, आणि विरोधकांचा नेमका हाच आक्षेप होता. २०२५च्या जुलैत नवा अर्थसंकल्प मंजूर झाला. त्यात शाळांच्या सर्वसाधारण अनुदानात वाढ नव्हती. त्यावर सही एव्हर्स यांचीच होती. त्याच महिन्यात, तिसऱ्यांदा गव्हर्नरपदासाठी उभं राहणार नसल्याचं त्यांनी जाहीर केलं.