जोडणीवरची चिठ्ठी

शाळेच्या ग्रंथालयातून सर्व वर्गांसाठी पुस्तके नेण्याचे काम एकाच शिपाईमामांकडे आहे, अशी कल्पना करू. नोंदवहीत प्रत्येक पुस्तकापुढे एकच नाव असेल : 'शिपाई'. पुढे एखाद्या पुस्तकाची पाने फाटलेली आढळली, तर ते कोणत्या वर्गात गेले होते हे कसे कळणार? मोठ्या डेटाबेसपुढेही हीच अडचण येते.

परीक्षेचे गुण किंवा बँकेची खाती डेटाबेसमध्ये साठवलेली असतात. आपण वापरतो तो प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये 'ड्रायव्हर' नावाचा दुभाष्या असतो. तो डेटाबेसशी जोडणी उघडतो, प्रश्न पोहोचवतो व उत्तर आणतो.

जोडणी उघडायला वेळ लागतो : संपर्क साधायचा, पासवर्ड तपासायचा, स्मृतीत जागा राखायची. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस तर प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रक्रिया सुरू करतो. म्हणून काही जोडण्या आधीच उघडून ठेवतात व आळीपाळीने सर्वांना वापरायला देतात. याला 'कनेक्शन पूल' म्हणतात. थोड्या जोडण्यांवर पुष्कळांचे काम भागते. मात्र सर्व जोडण्या बहुधा एकाच नावाने उघडलेल्या असतात. डेटाबेसला दिसतो तो फक्त 'शिपाई'.

यावर उपाय साधा आहे. मामांच्या हाती चिठ्ठी द्यायची : 'इयत्ता आठवी'साठी. २००६ साली जावा भाषेच्या सहाव्या आवृत्तीबरोबर जेडीबीसी ४.० आले. त्यात जोडणीवर अशी माहिती लिहिण्याची सोय झाली. प्रोग्रामचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि त्याच्या संगणकाचे नाव, अशा तीन नोंदींची नावे त्यात सुचवली आहेत. ड्रायव्हरला चिठ्ठी लगेच पोहोचवावी लागत नाही. पुढच्या प्रश्नासोबत ती नेली तरी चालते. ओळखीची नसलेली नोंद आली, तर तो इशारा देतो. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २०१० सालच्या ९.० आवृत्तीपासून प्रोग्रामचे नाव चालू जोडण्यांच्या यादीत दिसते. एखाद्या प्रश्नाने सर्वांचे काम अडवून धरले, तर तो कोठून आला हे त्यावरून शोधता येते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, जोडणी परत करताना चिठ्ठी पुसली पाहिजे, किंवा नव्याने घेताना बदलली पाहिजे. नाहीतर आठवीची चिठ्ठी खिशात तशीच राहील आणि नववीने नेलेले पुस्तक आठवीच्या नावे पडेल. पुस्तकाच्या जागी परीक्षेचे गुण असतील, तर एका लिपिकाने केलेला बदल दुसऱ्याच्या नावावर दिसेल. नोंद नसण्यापेक्षा चुकीची नोंद अधिक घातक, कारण तिच्यावर आपण विश्वास ठेवतो.

दुसरी, ही चिठ्ठी म्हणजे ओळखीचा पुरावा नव्हे. तिच्यावर काय लिहायचे हे प्रोग्रामच ठरवतो. म्हणून जेडीबीसीचे नियमच सांगतात, की ही माहिती केवळ हिशेब, निदान आणि दोषशोधनासाठी आहे. तिच्यामुळे जोडणीचे वागणे बदलता कामा नये. कुलूपबंद कपाट उघडायचे की नाही, हे चिठ्ठी पाहून ठरवायचे नसते. त्यासाठी पासवर्ड आणि अधिकार यांची वेगळी व्यवस्था हवी.

विद्यार्थ्यांना संगणकाची सुरक्षितता शिकवताना हा फरक जरूर सांगावा : 'मी कोण' हे सांगणे वेगळे आणि ते सिद्ध करणे वेगळे.