क्रीम फुगत नाही, त्यात हाताचा दोष नसतो

महाबळेश्वर-पाचगणीहून परतणाऱ्या गाडीच्या डिकीत हंगामात स्ट्रॉबेरीचे खोके असतातच. तिथे उंच ग्लासात खाल्लेले स्ट्रॉबेरी क्रीम घरीही करू, असा बेत ठरतो. वाण्याकडून क्रीमचे पाकीट येते, बीटर फिरत राहतो, पण क्रीम पातळ ते पातळच. मग ठपका बसतो करणाऱ्याच्या हातावर.

हाताचा इथे काही दोष नाही. पाकिटावरचा स्निग्धांशाचा आकडा आधी वाचायला हवा. किराणा दुकानात सर्रास मिळणारे 'फ्रेश क्रीम' बहुधा 25 टक्के स्निग्धांशाचे असते. फ्रूट सॅलडला, पनीरच्या भाजीला ते उत्तम. फेटून उभे राहण्यासाठी मात्र किमान 30 टक्के लागतात; 35च्या आसपास असतील तर काम सोपे. फेटताना क्रीममध्ये हवा शिरते आणि स्निग्धांशाचे कण अर्धवट चिकटून बुडबुड्यांभोवती जाळे धरतात. कणच कमी असले, तर तासभर फेटूनही बुडबुडे फुटून जातात.

दुसरी अट थंडाव्याची. क्रीम साधारण 10 अंशांच्या वर गेले की हे कण मऊ पडतात आणि जाळे टिकत नाही. म्हणून क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये, भांडे आणि बीटरची पाती पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये. मार्चच्या उकाड्यात भांड्याखाली बर्फाची परात हवीच.

'घरची साय फेटली की झाले,' हा सल्ला घरोघरी मिळतो. साय तापलेल्या दुधावर धरते. तिच्यात स्निग्धांशाबरोबर गोठलेली प्रथिनेही असतात. फेटल्यावर ती फुगण्याऐवजी गुठळ्या धरते आणि पुढे लोण्याकडे जाते. चांगले क्रीमही जास्त फेटले तर तेच होते. बीटर उचलल्यावर टोक उभे राहून किंचित वाकले, की थांबावे. चकाकी जाऊन रवाळपणा दिसू लागला, तर लोणी सुटायची वेळ आली आहे.

केकवरचे पांढरेशुभ्र क्रीम दुधाचेच असते, हाही गैरसमज. 'नॉन-डेअरी टॉपिंग' वनस्पती तेल, साखर आणि पायसीकारकांपासून बनते. ते उन्हाळ्यात टिकते, आधीच गोड असते, पण दुधाची चव त्यात नसते. पाकिटावरची घटकांची यादी वाचली की उलगडा होतो.

फळांबद्दलही असेच समज आहेत. पांढुरकी स्ट्रॉबेरी घरी ठेवून पिकत नाही. रंग थोडा चढेल, गोडी वाढणार नाही. ती झाडावरच भरते. धुवायची ती देठासकट, म्हणजे आत पाणी शिरत नाही. चिरून, साखर लावून अर्धा तास ठेवली की तिचाच लालचुटुक रस सुटतो. आंबट स्ट्रॉबेरीने क्रीम नासते ही भीतीही फोल आहे. दाट क्रीममध्ये प्रथिने कमी असल्याने ते दुधासारखे चटकन फाटत नाही.

खरी अडचण ताज्या अननसाची. त्यातले ब्रोमेलेन प्रथिने तोडते आणि क्रीम थोड्या वेळात कडसर लागते. किवी आणि कच्च्या पपईतही अशीच विकरे असतात. अननस साखरेत शिजवून, पूर्ण गार करून घातला, तर तक्रार राहत नाही. डब्यातला अननस प्रक्रियेत तापवलेलाच असल्याने चालतो.

चार ग्लासांसाठी 200 मिली क्रीम, दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि पाव किलो स्ट्रॉबेरी पुरते. थर मात्र खायला बसतानाच लावावेत. आधी लावले तर रस खाली उतरतो आणि क्रीम बसते.