पट्टेरी आणि ठिपकेदार: एकच मासा

वसतिगृहातील मुलांनी काचपेटीतील पट्टेरी व ठिपकेदार डॅनिओंना दोन वेगळ्या जाती ठरवले. 1963 मध्ये एका शास्त्रज्ञानेही हीच चूक करून ठिपकेदार लेपर्ड डॅनिओला स्वतंत्र नाव दिले होते. वास्तविक हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात नोंदवलेल्या झेब्रा डॅनिओचाच हा प्रकार; एका जनुकातील बदलामुळे निळे पट्टे तुटून ठिपके होतात. (त्यांचा नातेवाईक फ्रेझर डॅनिओ तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा.) दोघांच्या संकरातून सामान्यतः पट्टेरी पिले होतात, ती आपसांत जुळवली की सुमारे चौथा हिस्सा पुन्हा ठिपकेदार निघतो. 'जात' हा शब्द त्यानंतर आम्ही विज्ञानाच्या तासालाही जपून वापरतो.

प्रजननासाठी गोल पोटाची मादी व दोन सडपातळ नर सायंकाळी उथळ पेटीत सोडावेत. पाणी सुमारे 27 अंश असावे. पहाटेच्या पहिल्या उजेडात अंडी पडतात. ती चिकटत नाहीत, तळाला जातात, आणि आईबापच ती खातात. आमची पहिली खेप अशीच गेली. मग मुलांनी खिशातल्या गोट्या काढून तळाशी पसरल्या, तेव्हा अंडी फटींत सुरक्षित उतरली. अंडी दिसताच मोठे मासे बाहेर काढावेत.

दोन-तीन दिवसांत पिले निघतात आणि आरंभी काचेला लटकून राहतात. ती पोहू लागल्यावर उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून चिमूटभरच द्यावा. अधिक झाल्यास पाणी नासते. नंदुरबारच्या मे महिन्यात पेटीतले पाणी फार तापते, म्हणून हा उद्योग आम्ही पावसाळ्यात करतो. यंदाच्या दुसऱ्या पिढीची मोजणी मुलांच्या वहीत चालू आहे.