फ्रेंचचे पहिले पाठ आणि मराठीची शिदोरी

बेंगळुरूच्या वसंतनगर भागात थिमय्या रस्त्यावर आलियांस फ्रांसेझची वास्तू आहे. फ्रेंच भाषेच्या प्रसारासाठी १८८३ साली पॅरिसमध्ये जी चळवळ सुरू झाली, तिचे नाव धारण करणारी ही येथील संस्था. तेथील प्रारंभिक वर्गात बसणाऱ्यांच्या घरी कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, उर्दू, कोकणी अशा नाना भाषा बोलल्या जातात. त्यांत मराठी घरांतील विद्यार्थीही असतात. वर्गात फ्रेंचखेरीज जी भाषा सर्वांना समान असते ती इंग्रजी. त्यामुळे अडलेला शब्द इंग्रजीतून समजून घ्यायचा, व्याकरणाचा नियम इंग्रजीशी ताडून पाहायचा आणि शंकाही इंग्रजीतूनच विचारायची, असा प्रघात आपोआप पडतो. मराठी विद्यार्थी आपली मातृभाषा जणू पादत्राणांबरोबर दाराबाहेर ठेवून आत येतो. ही गोष्ट सोयीची असली तरी हिताची आहे काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या नगरीला फ्रेंच भाषा सर्वस्वी अपरिचित नाही. सेंट जोसेफ महाविद्यालयाची स्थापना १८८२ साली पॅरिसच्या परदेशी मिशनच्या फ्रेंच धर्मगुरूंनी केली. स्वातंत्र्योत्तर काळात हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या येथील कारखान्यात फ्रेंच परवान्याने जे हेलिकॉप्टर तयार होऊ लागले, त्याचे मूळ नाव ‘आलुएत’, म्हणजे चंडोल पक्षी. भारतात ते ‘चेतक’ झाले. १९७४ च्या करारान्वये भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अभियंते फ्रान्समधील व्हेर्नों येथे जाऊन ‘व्हायकिंग’ इंजिनाचे तंत्र शिकले आणि त्यातून ‘विकास’ इंजिन उभे राहिले. १९८१ च्या जूनमध्ये ‘ॲपल’ हा भारतीय उपग्रह फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान अग्निबाणाने अवकाशात गेला. तेव्हा बेंगळुरूमध्ये फ्रेंच शिकणे हा केवळ रसिकांचा छंद नव्हे. त्याला उद्योग आणि विज्ञान यांचाही आधार आहे.

आता पहिल्या पाठाकडे वळू. नवशिक्याची पहिली गाठ पडते ती ध्वनींशी. फ्रेंचमधील ‘त’ आणि ‘द’ हे दंत्य वर्ण आहेत, मराठीतील त आणि द यांच्यासारखेच. ‘प’, ‘त’, ‘क’ यांच्या उच्चारात महाप्राणाचा अंश नसतो. इंग्रज विद्यार्थ्याला शब्दारंभीच्या या वर्णांमागून बाहेर पडणारा श्वास आवरण्यासाठी परिश्रम करावे लागतात. मराठी माणसाला प आणि फ, त आणि थ यांतील भेद बाळपणापासून ठाऊक असतो. तरीही मराठी विद्यार्थी मेजाला फ्रेंचमध्ये ‘टाब्ल’ म्हणताना आढळतो. योग्य उच्चार आहे ‘ताब्ल’. ही चूक मराठीमुळे घडत नाही. रोमन लिपीतील अक्षर दिसले की ते इंग्रजी रीतीने ‘ट’ वाचायचे, या शाळेत जडलेल्या सवयीमुळे ती घडते. स्वतःच्या तोंडात तयार असलेला वर्ण टाकून तो उसना वर्ण घेतो, आणि तोही चुकीचा.

अनुनासिक स्वरांची कथा थोडी निराळी आहे. ‘चांगला’ या अर्थाचा ‘बों’, ‘मद्य’ या अर्थाचा ‘व्हॅं’, ‘पांढरा’ या अर्थाचा ‘ब्लां’ या शब्दांत शेवटी न् किंवा म् ऐकू येत नाही. स्वरच नाकातून उमटतो. मराठीत असे स्वर पूर्वी होते. ‘केलें’, ‘गेलें’ या रूपांवरील टिंब ही त्यांचीच खूण. प्रमाण उच्चारातून ते लोपले आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ती अनुच्चारित टिंबेही लेखनातून काढून टाकली. कोकणातील बोलींत आणि कोकणीत मात्र ते स्वर अद्याप जिवंत आहेत. ज्याच्या आजीच्या तोंडी मालवणी आहे, त्याला फ्रेंच अनुनासिक दूरचा वाटण्याचे कारण नाही. मात्र आजचे प्रमाण मराठी बोलणारा ‘बों’ वाचताना ‘अंबा’ किंवा ‘दंत’ यांतल्याप्रमाणे अनुस्वारामागे म् किंवा न् आणतो. तेवढे टाळायला त्याने शिकावे.

काही ध्वनी मात्र खरोखरच नवे आहेत. ओठ ‘ऊ’साठी गोल करून जिभेने ‘ई’ उच्चारली म्हणजे जो स्वर निघतो, तो मराठीत नाही. फ्रेंच ‘र’ जिभेच्या टोकाने न उच्चारता पडजिभेजवळ घासून उच्चारला जातो. उर्दू जाणणारा ‘गझल’मधला पहिला वर्ण जसा उच्चारतो, त्याच्या तो जवळचा आहे. देवनागरीत हे दोन्ही लिहिता येत नाहीत. म्हणून पाठ्यपुस्तकात शब्दाखाली देवनागरी उच्चार लिहून ठेवण्याची सवय पहिल्या आठवड्यात उपयोगी पडली, तरी पुढे ती मोडलेली बरी.

ध्वनींनंतर येते लिंगव्यवस्था. येथे बेंगळुरूच्या वर्गात एक लक्षणीय दृश्य दिसते. कन्नडमध्ये लिंग अर्थावर अवलंबून असते: पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी, निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. इंग्रजीतही स्थूलमानाने असेच आहे. त्यामुळे मेज स्त्रीलिंगी का आणि पुस्तक पुल्लिंगी का, हा प्रश्न वर्गातील पुष्कळांना पडतो. मराठी विद्यार्थ्याला तो पडू नये, कारण भिंत स्त्रीलिंगी आणि खांब पुल्लिंगी का, असे त्याने आईला कधी विचारलेले नसते. विशेषणाने नामाचे लिंग स्वीकारावे, हेही त्याला नवे नाही. पांढरा आणि पांढरी, तसे ‘ब्लां’ आणि ‘ब्लांश’. फरक इतकाच, की फ्रेंचमध्ये असे विशेषण बहुधा नामाच्या मागून येते.

त्याला धोका आहे तो वेगळाच. तो आपल्या भाषेतील लिंग फ्रेंच शब्दावर लादतो. खुर्ची दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी आणि सूर्य दोन्हींत पुल्लिंगी, येथवर ठीक. पण चंद्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे. शिवाय मराठीने संस्कृतची तीन लिंगे राखली, तर फ्रेंचने हिंदीप्रमाणे नपुंसकलिंग गमावले. लॅटिनमधील बहुतेक नपुंसकलिंगी नामे फ्रेंचमध्ये पुल्लिंगात विलीन झाली. म्हणून मराठीतील घर, दार, पुस्तक, टेबल या नपुंसकलिंगी शब्दांना तेथे कोणता आसरा मिळेल हे तर्काने सांगता येत नाही: घर, दार आणि टेबल स्त्रीलिंगी, तर पुस्तक पुल्लिंगी. यावर उपाय एकच. शब्द कधीही एकटा पाठ करू नये; ‘ल लिव्र’, ‘ला ताब्ल’ असा उपपदासह पाठ करावा. मराठीत उपपद नाही, म्हणून ही शिस्त जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते.

मराठीची खरी शिदोरी क्रियापदाच्या प्रकरणात उघडते. फ्रेंच भूतकाळातील कृदंत कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, हा नियम फ्रेंच मुलांनाही चकवतो. ‘येणे’, ‘जाणे’, ‘मरणे’ यांसारखी काही अकर्मक क्रियापदे भूतकाळात ‘असणे’ या अर्थाच्या साहाय्यक क्रियापदासह येतात आणि त्यांचे कृदंत कर्त्याशी जुळते. ‘तो मेला’ म्हणजे ‘ईल ए मोर’, ‘ती मेली’ म्हणजे ‘एल ए मोर्त’. सकर्मक क्रियापदे ‘जवळ असणे’ या अर्थाचे साहाय्यक घेतात. तेथे कृदंत कर्त्याकडे पाहत नाही. कर्म आधी आले असेल तर ते कर्माशी जुळते. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणजे ‘ला लेत्र क झे एक्रीत’, तर ‘मी लिहिलेला ग्रंथ’ म्हणजे ‘ल लिव्र क झे एक्री’. लिहिणारा पुरुष असो वा स्त्री, रूप बदलत नाही. बदलते ते चिठ्ठी आणि ग्रंथ यांमुळे.

मराठी वाचकाला यात कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांची ओळख पटेल. ‘ती गेली’ येथे क्रियापद कर्त्याचे ऐकते. ‘रामाने पोळी खाल्ली’ येथे ते कर्माचे ऐकते. दोन्ही व्यवस्था तंतोतंत सारख्या नाहीत. फ्रेंचमध्ये कर्म मागून आले तर कृदंत बदलत नाही, आणि पुष्कळदा हा बदल लेखनात दिसतो पण कानाला ऐकू येत नाही. तथापि क्रियापदाने केव्हा कर्त्याकडे आणि केव्हा कर्माकडे पाहावे, ही कल्पनाच ज्याला परकी नाही, त्याचे अर्धे काम झालेले असते. इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्यास ही कल्पना मुळापासून रुजवावी लागते.

वाक्यरचनेतही असे एक अनपेक्षित साम्य भेटते. फ्रेंच वाक्यात सामान्यतः कर्म क्रियापदानंतर येते. पण कर्म सर्वनाम असेल तर ते क्रियापदाच्या आधी जाते. ‘झ ल व्ह्वा’ याचा शब्दशः क्रम ‘मी त्याला पाहतो’ असाच आहे. मनात इंग्रजी वाक्य जुळवणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. मराठी वाक्य जुळवणारा सरळ पुढे जातो.

संबोधनाची रीत तर शिकवावीच लागू नये. ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘व्हू’ म्हणजे तुम्ही. एकाच व्यक्तीला आदराने ‘व्हू’ म्हटले तरी क्रियापद अनेकवचनी, हेही मराठीसारखेच. दुकानदाराला, अनोळखी माणसाला, गुरुजनांना ‘व्हू’; मित्राला ‘त्यू’. प्रार्थनेत देवालाही ‘त्यू’ म्हणतात, हे विठ्ठलाला अरेतुरे करणाऱ्यांना उमजण्यासारखे आहे. सावध राहायचे ते इतकेच, की फ्रेंच मुले सामान्यतः आईप्रमाणे वडिलांनाही ‘त्यू’ म्हणतात.

संख्यांचे प्रकरण अनेकांना भिववते. सत्तरसाठी फ्रान्समध्ये ‘साठ-दहा’, ऐंशीसाठी ‘चार-वीस’ आणि नव्वदसाठी ‘चार-वीस-दहा’ असे म्हणतात. त्यावर हसण्यापूर्वी मराठी माणसाने आपले एकोणऐंशी आठवावे, ज्यात ऐंशीतून एक वजा केलेला असतो; फ्रेंच माणूस त्याच संख्येसाठी साठात एकोणीस मिळवतो. आणि खेड्यापाड्यांत जुनी माणसे ‘चार विसा’ असे मोजत, तेव्हा ती फ्रेंच पद्धतीनेच मोजत होती.

लेखनाच्या बाबतीत मात्र मराठीची पुण्याई फारशी कामी येत नाही. देवनागरीत बव्हंशी लिहिले तसे वाचावे. फ्रेंचमध्ये शब्दान्तीची कितीतरी व्यंजने लिहिली जातात आणि उच्चारली जात नाहीत. पुढील शब्द स्वराने सुरू झाला की तीच मुकी व्यंजने बोलू लागतात: ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’ होते. संस्कृत संधी शिकलेल्यास याचे तत्त्व कळते, पण कानाला सवय ऐकूनच लागते. म्हणूनच युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषास्तरांच्या आराखड्यानुसार घेतल्या जाणाऱ्या ‘ए-१’ या पहिल्या पायरीच्या डेल्फ परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात. एकूण ५० गुण मिळाले तरी कोणत्याही एका विभागात ५ पेक्षा कमी गुण असतील, तर विद्यार्थी उत्तीर्ण होत नाही. केवळ व्याकरण घोकणाऱ्याचा तेथे निभाव लागत नाही.

एवढ्या विवेचनाने फ्रेंचचा मार्ग थोडा सुकर झाला तरी पुरे. पण बेंगळुरूच्या मराठी घरांच्या दृष्टीने यात आणखीही काही गुंतलेले आहे. १६३८ पासून शहाजीराजांच्या वास्तव्याने या नगरीत मराठीचे पाऊल रोवले गेले. आज येथील बहुतेक मराठी मुले शाळेत इंग्रजी, कन्नड, हिंदी शिकतात. पदवीपूर्व वर्गांत भाषाविषय म्हणून मराठीची तरतूद असली तरी सीमाभागाबाहेर तिचे वर्ग सहसा आढळत नाहीत. फ्रेंच मात्र उपलब्ध असते आणि गुणदायी म्हणून ती निवडलीही जाते. मराठी उरते ती स्वयंपाकघरात, सणावारांत, आजीशी दूरध्वनीवर बोलण्यापुरती. अशा मुलाला आपल्या भाषेला व्याकरण आहे, याचाच पत्ता नसतो. फ्रेंच कृदंताचा नियम शिकताना ‘पोळी खाल्ली’ आणि ‘भात खाल्ला’ यांतील भेद त्याच्या ध्यानी आणून दिला, तर एका तासात दोन भाषांचा पाठ होतो.

आणि ही देवाणघेवाण एकतर्फी नाही. मराठीच्या घडणीचा पहिला सांगोपांग शास्त्रीय इतिहास फ्रेंचमध्येच लिहिला गेला. झ्यूल ब्लॉक या पंडिताचा तो ग्रंथ १९२० साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ साली तो मराठीत आणला. ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथासाठी १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे ना. गो. कालेलकर यांनीही भाषाशास्त्राचे शिक्षण पॅरिसमध्ये घेतले होते. गी दलरी यांनी तुकोबांचे अभंग १९५६ साली फ्रेंच वाचकांपुढे ठेवले, तर शार्लोत व्होदव्हील यांनी १९६९ साली ज्ञानदेवांचा हरिपाठ.

थिमय्या रस्त्यावरील वर्गात आज ‘ल लिव्र’, ‘ला ताब्ल’ घोकणारा मराठी विद्यार्थी पाचसहा वर्षे नेटाने अभ्यास करील, तर ब्लॉकचा ग्रंथ मूळ फ्रेंचमध्ये वाचू शकेल. त्यात त्याला आपल्याच घरातील शब्दांची वंशावळ सापडेल. मात्र ती ओळखण्यासाठी तोवर ते शब्द त्याच्या घरात बोलले जात असले पाहिजेत.