आधी सगळं अंगणात!

शरीरातली घाण काढायचं काम तुमच्यावर सोपवलं, तर काय कराल? घाण शोधाल, उचलाल, फेकून द्याल. आपलं मूत्रपिंड नेमकं उलटं करतं. ते घाण शोधतच नाही. रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी मागे ठेवून बाकी सगळं बाहेर काढतं: पाणी, मीठ, साखर, युरिया, सकाळी घेतलेली गोळी, सगळं. आणि मग त्यातलं कामाचं तेवढं परत आत घेतं.

दिवाळीच्या साफसफाईला आपली आई हेच करायची ना? कपाटातला एकेक डबा उघडून 'हे टाकू का' असं विचारत बसली, तर लक्ष्मीपूजन उजाडेल. त्यापेक्षा सगळं अंगणात मांडायचं आणि हवं ते घरात न्यायचं. उरला तो कचरा. फरक एवढाच, की मूत्रपिंडाची ही दिवाळी रोज सुमारे साठ वेळा होते.

आकडा खरा आहे. रक्तातला द्रव भाग असतो जेमतेम तीन लिटर, आणि मूत्रपिंडं दिवसाला गाळतात सुमारे 180 लिटर! म्हणजे तोच द्रव पुन्हा पुन्हा, दर चोवीस मिनिटांनी एकदा. त्या 180 लिटरांबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ बाहेर येतं. आपण दिवसाला मीठ खातो किती? जेमतेम एक-दोन चमचे. बाकीचं सगळं परत उचललं जातं, म्हणून तर आपण जिवंत आहोत. शेवटी लघवी होते जेमतेम दीड लिटर.

हा सगळा खटाटोप चालतो मुठीएवढ्या दोन अवयवांत. प्रत्येकाचं वजन साधारण दीडशे ग्रॅम आणि प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन. नेफ्रॉन म्हणजे टोकाला केशवाहिन्यांचा बारीक गुंता आणि त्यापुढे एक लांब, वळणावळणाची नळी. गुंत्यात गाळणं, नळीत परत उचलणं. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला पाचवा हिस्सा थेट इथे येतो.

पण हा द्राविडी प्राणायाम कशाला? इथेच खरी गंमत आहे. घाण ओळखून काढायची, तर प्रत्येक विषाची ओळख आधीपासून हवी. आणि उद्या कोणतं नवं रसायन पोटात जाईल, हे शरीराला कसं कळणार? त्यापेक्षा हव्या त्या मोजक्या गोष्टींची ओळख ठेवणं सोपं. अनोळखी पाहुणा आपोआप बाहेर राहतो. आणि काहींच्या बाबतीत तर नळी हातावर हात ठेवून बसत नाही, आजूबाजूच्या रक्तातून त्यांना ओढून लघवीत ढकलते.

1941 साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांना याचा चांगलाच चटका बसला. अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला भयंकर जंतुसंसर्ग झाला होता. त्याला पेनिसिलिन टोचलं आणि तो झपाट्यानं सुधारू लागला. पण जगातलं सगळं पेनिसिलिन तेव्हा काही चमचे होतं, आणि त्याची मूत्रपिंडं ते भराभर बाहेर फेकत होती. मग त्याची लघवी जमवून, सायकलवरून प्रयोगशाळेत नेऊन, त्यातलं पेनिसिलिन काढून त्यालाच पुन्हा टोचलं गेलं! तरी साठा संपला आणि तो वाचला नाही. पुढे ही ढकलाढकली रोखणारं प्रोबेनेसिड नावाचं औषध शोधलं गेलं, पेनिसिलिन अंगात जरा जास्त टिकावं म्हणून.

पाण्याची करामत तर आणखी न्यारी. नेफ्रॉनची नळी एके ठिकाणी केसाच्या पिनेसारखी खाली जाऊन वर वळते. याकोब हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञानं 1862 साली ही वळणं नोंदवली, पण ती कशासाठी हे उलगडायला पुढे ऐंशी वर्षं लागली. वर जाणारी बाजू मीठ बाहेर टाकते, पण पाणी सोडत नाही. खाली जाणारी पाणी सोडते. या जुगलबंदीतून मूत्रपिंडाचा आतला भाग रक्ताच्या चौपट खारट होतो, आणि तो खारटपणा नळीतलं पाणी शोषून घेतो. वैशाखात तुम्ही पाणी कमी प्यालात की मेंदू एक संप्रेरक पाठवतो, नळीच्या शेवटच्या भागातली पाण्याची दारं उघडतात आणि लघवी थोडी, गडद पिवळी होते. जळजळली की आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो आणि धणे-जिऱ्याचं पाणी पितो. पिऊन बघा, हरकत नाही. मात्र सोबत ताप असेल, कंबर दुखत असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे धणे-जिरे पुरे पडत नाहीत.

साखरेचं काय? निरोगी माणसाची जवळजवळ 180 ग्रॅम साखर रोज गाळली जाते आणि कणन्‌कण परत उचलली जाते. मधुमेहात साखर इतकी वाढते, की उचलणारी यंत्रणाच अपुरी पडते आणि लघवीत साखर उतरते. आता उलटा विचार करा: मुद्दामच उचलू दिली नाही तर? 1835 साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा पदार्थ वेगळा काढला गेला. तो दिला की साखर लघवीतून वाहू लागते, हे त्याच शतकात समजलं. आजच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या त्याच वाटेवरच्या. साखर अंगणातच राहू देतात, दिवसाला 50 ग्रॅमहून अधिक. शिवाय गाळणीवरचा दाब उतरल्यानं मूत्रपिंडाची झीजही मंदावते. साखरेवरचं औषध मूत्रपिंडाचा रखवालदार निघालं, यावर मी तरी अजून खूश आहे.

रखवालदार लागतो, कारण हा अवयव कुरकुरत नाही. मधुमेह आणि रक्तदाब हे त्याचे मोठे वैरी. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या की त्याही. अर्धे नेफ्रॉन गेले तरी उरलेले जास्त काम ओढतात, आणि रक्ताच्या रिपोर्टवरचं क्रिएटिनिन कित्येकदा 'नॉर्मल'च दिसतं. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची साधी तपासणी त्याआधी चाहूल देते. ती करायला लोक का टाळतात, देव जाणे.

दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली तर डायलिसिस. त्याचं पहिलं चालणारं यंत्र विलेम कोल्फ या डच डॉक्टरनं बनवलं, तेही 1943 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये. सॉसेजभोवती गुंडाळायची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली, नळीतून रक्त, बाहेर क्षाराचं पाणी. सुरुवातीच्या बहुतेक रुग्णांना वाचवता आलं नाही. 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई वाचली. आजची यंत्रं कितीतरी सुधारली, पण तत्त्व तेच: लहान रेणू पडद्यातून पाझरतात. 'हे परत घ्यायचं' असं निवडून उचलणारी नळी त्यात नाही. त्यामुळे आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून घ्या, पाणी मोजून प्या, केळं खाण्याआधी विचारा.

प्रत्यारोपणात ही निवडणारी नळी सगळीच्या सगळी मिळते. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलं, एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला. आपल्याकडे वेल्लोरला 1971 मध्ये झालं. नवं मूत्रपिंड बसवतात ते जुन्याच्या जागी नव्हे, ओटीपोटात एका बाजूला. जुनी दोन्ही बहुधा तिथेच राहतात. म्हणजे अशा माणसाच्या पोटात मूत्रपिंडं तीन! रक्तवाहिन्या जोडून चिमटे सोडले, की कित्येकदा टेबलावरच, काही मिनिटांत, लघवीचे थेंब दिसू लागतात. चेतातंतू तुटलेले, शरीर परकं, तरी काम चालू. आणि देणाऱ्याचं उरलेलं मूत्रपिंड? त्यात नवे नेफ्रॉन काही येत नाहीत, पण आहेत तेच फुगून मोठे होतात आणि गेलेल्या भावंडाचं बरंचसं काम अंगावर घेतात.